अँटिबॉडी टेस्टच्या आधी तारखा काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ 31 वर्षांचा, सात वर्षांपासून स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू, आणि आता नात्यातल्या कुणीतरी फॉरवर्ड पाठवलाय की हा आजार खरं तर मेंदूवर उलटणाऱ्या अँटिबॉडींचा असतो, रक्ताच्या एका टेस्टमध्ये कळतो आणि मग गोळ्या सुटतात. टेस्ट करावी का, असं विचारलंत. मनोविकार विभागात पंचवीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

फॉरवर्ड निव्वळ थाप नाही, हे आधी सांगतो. 2007 साली जोसेप डालमाउ हे न्यूरोलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांचा अभ्यास छापला. भास, संशय, बरळणं, मग फिट्स, मग शुद्ध हरपणं. बारापैकी अकरा जणींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. या गाठीत केस, दात, कधी मज्जातंतूंचे तुकडेही सापडतात. शरीर त्या तुकड्यांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरलाही (पेशीवरचा, शेजारच्या पेशीचा निरोप टिपणारा भाग) चिकटतात. चिकटल्या की पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. म्हणजे पेशी मरत नाही, तिचे कान तेवढे बंद होतात. म्हणून तर हे रुग्ण महिनोन्‌महिने आयसीयूत राहूनही पुन्हा उभे राहतात. भुलीचं केटामाइन हाच रिसेप्टर अडवतं, आणि ते दिलेली माणसं कधी कधी कशी बरळतात हे भूलतज्ज्ञांना विचारा. गाठ सगळ्यांनाच असते असं नाही, पुरुषांत तर क्वचितच. (बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट हे पांढरं अस्वल 2011 मध्ये पाण्यात पडून मेलं, त्यालाही हाच आजार होता असं चार वर्षांनी निघालं.)

हा पेपर यायच्या वर्षभर आधी आमच्या वॉर्डात एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. दहा दिवसांपूर्वीपर्यंत कॉलेजला जात होती. आधी ताप आणि डोकेदुखी, मग झोप उडाली, मग शेजारीण माझ्या मनातलं वाचते म्हणायला लागली. घरचे आधी देवऋषीकडे जाऊन आले होते. मी हॅलोपेरिडॉल (भास-संशय दाबणारं औषध) दिलं, ती लाकडासारखी ताठ झाली. तोंड सारखं चावल्यासारखं हलायचं, ते मी औषधाच्या खात्यात टाकलं. फिट आली तेव्हा मेडिसिनला पाठवली. ती वाचली नाही. पोटाची सोनोग्राफी कुणाला सुचली नाही, मलाही नाही. नक्की निदान आता कधीच होणार नाही, पण नंतर डालमाउंचं वर्णन वाचताना मला तिचं तोंड दिसत होतं.

तेव्हा नव्या रुग्णात मी आता काय पाहतो, तर वेग. काही दिवसांत किंवा फार तर तीन महिन्यांत बिघडलेला माणूस, त्यात ताप, फिट, बोलणं आटणं, एकाच पवित्र्यात थिजणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, थोड्याशा औषधानेही ताठरणं. यातलं काही दिसलं तर ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), एमआरआय आणि मणक्यातून सुईने काढलेल्या पाठीतल्या पाण्याची तपासणी, आणि न्यूरोलॉजिस्टला त्याच दिवशी फोन. एमआरआय नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नये, निम्म्याहून जास्त जणांचा तसाच येतो. या आजारात नुसतीच मानसिक लक्षणं असणारे रुग्ण फार थोडे. 2013 मध्ये छापलेल्या 571 रुग्णांच्या अभ्यासात असे 23 होते, आणि त्यांतल्या बहुतेकांत ही नुसती मानसिक लक्षणं आजार एकदा बरा होऊन पुन्हा उलटला तेव्हा दिसली होती.

आता तुमच्या भावाचं. रक्ताच्या टेस्टची गोची अशी की ती दोन्ही बाजूंनी फसवते. हा एनएमडीए अँटिबॉडींचा आजार असलेल्या साधारण सातांपैकी एकाच्या रक्तात अँटिबॉडी सापडत नाही, पाठीतल्या पाण्यात सापडते. उलट बाजूला, 2017 च्या एका ब्रिटिश अभ्यासात पहिल्यांदाच सायकोसिस (भास, संशय, वास्तवाचं भान सुटणं) झालेल्या 228 जणांपैकी 20 जणांच्या रक्तात मेंदूच्या पेशींविरुद्धची कुठली ना कुठली अँटिबॉडी निघाली, पण ठणठणीत 105 जणांपैकी 4 जणांतही निघाली. एनएमडीएची मात्र 7 रुग्णांत होती आणि निरोगी गटात एकाकडेही नव्हती, म्हणून विषय सोडून देण्यासारखा नाही. पण सात वर्षं हळूहळू चाललेल्या आजारात, बाकी काही खूण नसताना, रक्त पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही त्या कागदाचं करणार काय? कुणीतरी स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून द्यायच्या) सुचवेल. स्टिरॉइडने भास वाढू शकतात. आयव्हीआयजी वजनामागे किलोला दोन ग्रॅम लागतं, खर्च विचारून पाहा. सोबत थायरॉइडच्या अँटिबॉडी निघाल्या तर त्यांवरून निष्कर्ष काढूच नका, त्या कितीतरी धडधाकट बायकांत असतात.

गोळ्या मात्र आज कमी करू नका. आईशी बसा आणि सुरुवातीचे दोन महिने कागदावर उतरवा: कॉलेज किंवा नोकरी कधी सुटली, त्याआधी वर्षभर तो एकलकोंडा होत होता का, की पंधरवड्यात सगळं उलटलं? ताप आला होता का, फिट आली होती का, पहिल्या इंजेक्शननंतर ताठरला होता का? तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर त्यातल्या नोंदी, नाव झाकून, इथे टाका. ते वाचल्यावर पाठीतलं पाणी काढायला सांगायचं की नाही, यावर बोलू.