आउटलॉ बायकर गँगचं नेटवर्क काढलं तर म्होरक्या सापडतो का?

तुम्ही विचारलंय की एमएच्या प्रोजेक्टसाठी हेल्स एंजल्ससारख्या मोटरसायकलवाल्यांच्या गुन्हेगारी टोळीच्या कोर्टाच्या कागदांवरून नेटवर्क, म्हणजे माणसं ठिपके आणि त्यांचे संबंध रेषा असं चित्र, काढायचं आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त रेषा जातात तो म्होरक्या म्हणायचा, चालेल का. नाही चालणार. विषय मात्र सोडू नका, चांगला आहे.

कॉलेजात असताना मी आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणपती मंडळाचं नेटवर्क काढलं होतं. खजिनदारकाकांना विचारून त्यांच्या मोबाईलची महिन्याभराची कॉल लिस्ट घेतली, गेफी या नेटवर्क काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, आणि मधोमध कोण आलं तर काकाच. येणारच ना, फोनच त्यांचा होता. मग अजून चौघांच्या लिस्ट जोडल्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा वर आला, बॅनरवर ज्याचं नाव सगळ्यात खाली असायचं तो, त्याला फोन फार येत नव्हते पण मांडववाला, ढोलपथक आणि वॉर्ड ऑफिस या तिघांनाही ओळखणारा तो एकटाच, त्यामुळे तो गावाला गेला की सगळी कामं अडून बसायची. जास्त रेषा असणं म्हणजे डिग्री, आणि दोन गटांच्या मधे बसलेलं असणं म्हणजे बिट्वीननेस, हा फरक मला तिथे कळला.

पोलिसांच्या डेटाचं तेच होतं. ज्याचा फोन टॅप केला तो मधे दिसतो, ज्याचा केला नाही तो दिसतच नाही. माल्कम स्पॅरो या अभ्यासकाने 1991 मध्येच लिहून ठेवलंय की गुन्हेगारी नेटवर्कचा डेटा अपुरा असतो, कोण आत कोण बाहेर ही हद्द धूसर असते आणि चित्र सतत बदलत असतं. हे तिन्ही मुद्दे तुमच्या पहिल्या प्रकरणात आलेच पाहिजेत.

मग बायकर गँगच का घ्यायची? कारण इथे हुद्दा जॅकेटवरच शिवलेला असतो. प्रेसिडेंट, शिस्त सांभाळणारा सार्जंट अॅट आर्म्स, राइड आखणारा रोड कॅप्टन, आणि अजून पूर्ण पॅच, म्हणजे पाठीवरचं क्लबचं चिन्ह, न मिळालेला उमेदवार म्हणजे प्रॉस्पेक्ट. बाकी टोळ्यांत हुद्दा अंदाजाने ठरवावा लागतो, इथे कागदावरची उतरंड आणि प्रत्यक्षातले संबंध शेजारी ठेवून बघता येतात. कार्लो मोर्सेली या गुन्हेशास्त्रज्ञाने कॅनडातल्या क्वेबेकच्या हेल्स एंजल्सवर हेच केलं. तिथे 1994 पासून रॉक मशीन या विरोधी टोळीबरोबर ड्रग्जच्या धंद्यावरून युद्ध चाललं होतं, दीडशेच्या वर माणसं गेली, 1995 मध्ये मॉन्ट्रियलला बॉम्बस्फोटात रस्त्यावरचा 11 वर्षांचा मुलगा गेला, आणि मार्च 2001 मध्ये पोलिसांनी एकाच मोहिमेत शंभराहून जास्त लोक उचलले. त्याच तपासातून मोर्सेलीने नेटवर्क बांधलं. त्याची मांडणी अशी की जास्त थेट संपर्क म्हणजे नजरेत येणं, म्हणजे धोका, आणि मधल्या दुव्याची जागा म्हणजे मोक्याची जागा. त्याचे पेपर आधी वाचा, सॉफ्टवेअर नंतर शिका.

आता माझी खरी काळजी. रेषा कशाची आहे हे प्रत्येक वेळी लिहा. एकत्र राइडला गेले ही एक रेषा, एकाच गुन्ह्यात आरोपी ही दुसरी, पैसे दिले ही तिसरी, आणि तिन्ही एकाच रंगात काढल्या की आपण नुसत्या ओळखीला गुन्हा बनवतो. टेक्सासमधल्या वेको इथे 17 मे 2015 ला बायकर क्लब जमलेले असताना गोळीबारात 9 जण मेले आणि 177 जणांना अटक झाली, कित्येकांवर पुरावा काय तर तिथे हजर होते आणि अंगावर क्लबच्या खुणा होत्या. शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही, 2019 मध्ये उरलेल्या केसही मागे घेतल्या. त्यात लोकांच्या नोकऱ्या गेल्या हो. आपल्याकडे तर मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा 1999 पासून आहे आणि त्यात संघटित टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा आहे, म्हणून रविवारी पहाटे वाशीला जमून लोणावळ्याला जाणाऱ्या बुलेट क्लबच्या पोरांवर हे मॉडेल चालवून बघू नका, नावं बदलून सुद्धा नको.

सुरुवात एकाच निकालपत्रापासून करा, इंटरनेटवर पूर्ण वाचायला मिळेल असं निवडा. एक्सेलमध्ये चार कॉलम पुरेत: कोण, कोणाशी, कसला संबंध, आणि हे कोण सांगतंय. चौथा कॉलम लोक गाळतात. माफीचा साक्षीदार सांगतोय की टॅप केलेल्या फोनवर ऐकलंय, याने रेषेचं वजन बदलतं. मग एकेक साक्षीदार काढून ग्राफ पुन्हा चालवा, मधला माणूस तोच राहतो का बघा, आणि बदलत असेल तर तेच तुमचं फाइंडिंग म्हणून लिहा.