पॉलिमरचे नॅनोकण आपोआप रांगेत कसे बसतात, आणि त्यात सिलिका कशाला?

तुमचे दोन प्रश्न आहेत: पॉलिमरचे नॅनोकण (प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे) कोणी न रचता रांगेत कसे बसतात, आणि त्यात सिलिका (वाळूत असतो तोच पदार्थ) मिसळायची गरज काय? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

कणांना जागा दाखवणारं कोणी नसतं. सगळी तयारी कण बनतानाच होते. पाण्यात स्टायरीन (थर्माकोलचं प्लास्टिक ज्यापासून बनतं तो द्रव) घेऊन, पोटॅशियम परसल्फेट या क्रिया सुरू करणाऱ्या क्षाराने त्याचं पॉलिमर केलं की जवळजवळ एकाच मापाचे गोळे मिळतात, आणि परसल्फेटमुळे प्रत्येकाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत, सरकून जागा बदलू शकतात. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे. कण लगेच चिकटले तर चुकीच्या जागी बसलेला तिथेच राहतो आणि नुसता गठ्ठा होतो.

मग त्या पाण्यात काच उभी ठेवून पाणी उडू द्यायचं. काठाशी पाण्याचा थर पातळ होतो, पृष्ठताण कणांना जवळ ओढतो, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी येणारा प्रवाह मागून नवे कण आणतो. गोळे दाटीने बसले की ७४ टक्के जागा भरते, बाकी पोकळी. कणांना स्वतःचा रंग नसतो, तरी रांगेतल्या थरांवरून कणांच्या मापानुसार ठरावीक रंगाचाच प्रकाश परततो, म्हणून २२० नॅनोमीटरच्या कणांचा थर समोरून हिरवा दिसतो, २८०चा लाल! हे मात्र सावकाश व्हायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर असताना उघड्यावर ठेवलं तर कणांना जागा धरायला वेळच मिळत नाही.

आता सिलिका. वाळताना थर आकसतो, पण खालून काचेला धरलेला असतो. मग उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा पडतात. २०१० साली हार्वर्डमध्ये जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने पॉलिमरचे कण आणि टीईओएसचं (टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, पाण्याशी क्रिया होऊन सिलिका देणारा द्रव) द्रावण आधीच एकत्र करून वाळवलं. कण बसत असतानाच सिलिका पोकळीत भरते, त्यांना धरून ठेवते, आणि सेंटीमीटरच्या मापाचा थर भेगांशिवाय मिळतो. टीईओएस कमी पडलं तर भेगा, जास्त झालं तर रचना बिघडते. नंतर ५०० अंशांवर भाजलं की पॉलिमर जळून सिलिकाचा सच्छिद्र सांगाडा उरतो.

प्रोजेक्ट करणार असाल तर आधी कणांचं माप सारखं येतंय का ते पाहा. लहानमोठे कण मिसळले असतील तर पुढे कितीही सावकाश वाळवा, रांग लागत नाही.