प्रश्न तुमचा, उत्तर आमचं: पगाराचा खर्च लपवायचा का?

प्रश्न : शहरातल्या वस्तीत आम्ही अभ्यासिका आणि महिला गट चालवतो. देणगीदार संगणक द्यायला तयार असतात, पण पगार आणि भाड्याचं नाव काढलं की हात आखडता घेतात. अर्जात हे खर्च दुसऱ्या नावाखाली दाखवावेत का?

उत्तर : मुळीच नाही! मी अनुदानाचे अर्ज तपासते. ‘इतर खर्च’ या ओळीत मोठी रक्कम दिसली की पहिली शंका तिथेच येते. उलट ‘समन्वयक, अर्धवेळ, रोज संध्याकाळी अभ्यासिका उघडणे आणि गळती झालेल्या मुलांच्या घरी जाणे’ असं लिहिलं की तो पगार म्हणजेच काम आहे, हे वाचणाऱ्याला कळतं. संगणक काय, कुलूप उघडणारं माणूसच नसेल तर धूळ खात पडतात.

आणि हे मागण्यात कमीपणा कसला? फोर्ड फाउंडेशनसारख्या अनुदान देणाऱ्या मोठ्या संस्थेनेही २०१५ मध्ये प्रकल्प-अनुदानातला प्रशासकीय खर्चाचा वाटा १० वरून २० टक्क्यांवर नेला. भाडं, वीज, हिशेबनीस यांच्याशिवाय प्रकल्प उभा राहत नाही, हे देणाऱ्यांनाही उमगतं आहे.

प्रत्येक उपक्रमाच्या अंदाजपत्रकात भाड्याचा आणि पगाराचा त्याचा त्याचा हिस्सा टाका. तो कसा काढला तेही एका ओळीत लिहा. मात्र एकच पगार दोन देणगीदारांकडे पूर्ण दाखवू नका. लेखापरीक्षणात ते हमखास सापडतं आणि पुढची दारं बंद होतात. नकार आलाच, तर फोन करून कारण जरूर विचारा. बरेच देणगीदार मोकळेपणाने सांगतात.