महिन्यातून दोनदा लागणारी गाडी

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. रोजची कामं स्कूटरवर भागतात. वर्षातून सहा वेळा पुणे आणि अठराएक वेळा जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी, एवढीच चारचाकी लागते. भाड्याची गाडी जवळच्या फेरीला 2,200 आणि पुण्याला जाऊन-येऊन 7,000 रुपये घेते. 9 लाखांची नवी पेट्रोल गाडी घ्यावी का?

उत्तर : नवी नको. तुमचं वर्षाचं भाडं होतं 81,600 रुपये. पाच वर्षांनी नवी गाडी निम्म्या किमतीला विकली गेली, तर नुसता घसाराच वर्षाला 90,000. विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल याच्या वर. 9 लाखांचं ठेवीवरचं व्याज बुडतं, ते तर कुणी धरतच नाही.

कमी चालवली की खर्च कमी, हा भ्रम आहे. सर्व्हिसिंग 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा करावंच लागतं. शिवाय उभी गाडी जास्त कुरकुरते. घड्याळ, अलार्म थोडाथोडा करंट ओढत राहतात आणि तीन-चार आठवड्यांनी स्टार्टर नुसता टकटक करतो. दारात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा कागलच्या रस्त्याला अर्धा तास तरी पळवावी लागते. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला, तर मागचे ब्रेक-शू गंजून ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर बिल वेगळंच.

पार्किंग भाड्यानं घेताना शाहूपुरीचा सखल भाग आणि तळघर टाळा. 2019 आणि 2021चा पूर आठवा. पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर (विम्यात वेगळं घ्यायचं इंजिनाचं संरक्षण) नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

घरात रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागणारं माणूस असेल, तर मात्र साडेतीन लाखांपर्यंतची जुनी गाडी बघा. सगळं धरून वर्षाला लाखाच्या आसपास जाईल. भाड्याच्या वरचे वीसएक हजार सोयीचे समजा. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे टायर 2019च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचे, तेवढी रक्कम सौद्यात कमी करून घ्या.

स्वतः चालवायची हौस असेल, तर सेल्फ-ड्राइव्ह गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्यानं नेली आणि अपघात झाला, तर विमा नाकारला जातो.