कोणासाठी मोजायचे? संगणक-प्रणालींवर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीस पत्र

मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा निबंधाचा खर्डा, दोन्ही मिळाले. ज्या परिषदेला डोळ्यांसमोर ठेवून तू हा निबंध लिहायला घेतलास, ती युसेनिक्सची वार्षिक तांत्रिक परिषद 2025 च्या बोस्टनमधील अधिवेशनानंतर त्या संस्थेने थांबवली. आता हा निबंध नेमका कोणासाठी पुरा करायचा, असे तू विचारले आहेस. तुझी हुरहुर मला समजते, कारण मीही त्या परिषदेचे निबंध वाचतच या विषयात आलो. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

युसेनिक्स ही संस्था 1975 साली युनिक्स वापरणाऱ्यांचा गट म्हणून सुरू झाली. आपापल्या यंत्रांवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारी माणसे एकत्र जमून काय चालले आणि काय बिघडले ते एकमेकांना सांगत, आणि पुढे परिषद विद्यापीठीय झाली तरी हा स्वभाव तिने बऱ्याच अंशी जपला. दुसऱ्या यंत्रावरील फाइली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरू देणारी सन कंपनीची नेटवर्क फाइल सिस्टिम 1985 साली पोर्टलंडच्या अधिवेशनात मांडली गेली आणि अनेक यंत्रांच्या कामाचा मेळ घालणारी झूकीपर 2010 साली. या दोन्ही प्रणाली जगभरच्या सर्व्हरांवर वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. त्या परिषदेचा खरा वाचक होता तो हा: तुझा निबंध वाचून उद्या सकाळी तुझी प्रणाली स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहणारा. असा वाचक एखादे अधिवेशन बंद झाल्याने नाहीसा होत नाही. निबंध त्याच्यासाठी पुरा कर.

या संदर्भात याच परिषदेतील 2014 सालचा, राफ्ट या पद्धतीवरचा निबंध पुन्हा एकदा वाचावास, असा माझा आग्रह आहे. अनेक यंत्रांनी एका निर्णयावर एकमत कसे करावे, या प्रश्नाला लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या पॅक्सॉस या पद्धतीने उत्तर दिले होते, परंतु ती समजून घेणे अनेकांना जड जात होते. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी सुबोधता हेच नव्या पद्धतीचे उद्दिष्ट ठरवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती सुबोधता त्यांनी मोजली. दोन विद्यापीठांतील 43 विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती शिकवून प्रश्न विचारले, तेव्हा त्यांपैकी 33 जणांना राफ्टवरील प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली देता आली. आपण जो दावा करतो, नेमका तोच मोजायचा, हे या निबंधाकडून शिकण्यासारखे आहे. तुझ्या खर्ड्यात मला उणीव जाणवली ती इथेच.

प्रस्तावनेत तू म्हणतेस की तुझी साठवण-प्रणाली भार वाढला तरी वापरणाऱ्याला ताटकळत ठेवत नाही. मूल्यमापनाच्या भागात मात्र तू प्रतिसादाचा सरासरी वेळ दिला आहेस. ताटकळणारा माणूस सरासरीत सापडत नाही. दादरच्या फूलबाजारात पहाटे झेंडूचे पैसे मोबाइलवरून भरणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार कर. शंभरांपैकी नव्व्याण्णव व्यवहार क्षणात झाले, तरी ज्याचा अडकला तो रांग अडवून उभा राहतो, आणि फूलवाल्याच्या लक्षात तोच राहतो. त्यात एकेका विनंतीसाठी अनेक सर्व्हरांना विचारावे लागत असेल, तर ही अडचण फार लवकर वाढते. प्रत्येक सर्व्हर शंभरांतून एकदाच मंदावतो असे धरले आणि एका विनंतीला अशा शंभर सर्व्हरांची उत्तरे लागत असली, तर सुमारे 63 टक्के विनंत्यांना किमान एका मंद सर्व्हरची वाट पाहावी लागते. हा हिशेब तू स्वतः कागदावर करून पाहा. त्यानंतर सरासरीचा आलेख काढून त्या जागी नव्व्याण्णवाव्या शतमानाचा, म्हणजे शंभरांपैकी नव्व्याण्णव विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात त्या वेळेचा, आलेख देण्यासाठी माझ्या आग्रहाची गरज उरणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्याच चुकीतून सांगतो. माझ्या पहिल्या निबंधात मी फाइल वाचण्याचा जो वेग नोंदवला होता, तो पाहून परीक्षकाने एकच ओळ लिहिली: ही डिस्क तिच्या कमाल वेगाहून जलद कशी वाचते? मी एकच फाइल पुन्हा पुन्हा वाचत होतो. पहिल्या फेरीनंतर ती मुख्य स्मृतीतील कॅशमध्ये, म्हणजे नुकतीच वाचलेली माहिती हाताशी ठेवण्याच्या जागेत, येऊन बसली होती, आणि पुढच्या साऱ्या फेऱ्यांमध्ये डिस्कला हातही लागला नव्हता. चार महिन्यांचे आलेख बाद झाले. निबंध नाकारला गेला याचे दुःख काही दिवसांत ओसरले, पण ती ओळ मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून कोणताही आकडा लिहिण्यापूर्वी, यंत्राच्या क्षमतेनुसार तो शक्य तरी आहे का, हे मी ताडून पाहतो. तूही प्रत्येक फेरीआधी कॅश रिकामी केलीस की नाही, हे निबंधात स्पष्ट लिही, आणि केली नसशील तर का केली नाहीस तेही लिही.

तुझ्या चौथ्या आलेखातील चढउतारांबद्दल मला एक शंका आहे. ते प्रयोग तू मे महिन्यात केलेस, आणि शनिवारी-रविवारी प्रयोगशाळेतील वातानुकूलन बंद असते असे तूच मागे सांगितले होतेस. आपल्याकडच्या उकाड्यात प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. मग दुपारी घेतलेली जुन्या प्रणालीची मापे आणि रात्री घेतलेली तुझ्या प्रणालीची मापे शेजारी ठेवली, तर तुलना दोन प्रणालींची न होता दोन तापमानांची होते. दोन्ही प्रणाली आलटून पालटून चालव, प्रोसेसरचा वेग स्थिर ठेव, प्रत्येक माप निदान दहा वेळा घे आणि त्यातील फरकही आलेखावर दाखव. यात तुझा एक महिना जाईल. तो जाऊ दे.

राहिला प्रश्न निबंध पाठवायचा कुठे. आपल्या विषयातील मोठ्या परिषदांपैकी ओएसडीआय 2021 पासून आणि एसओएसपी 2024 पासून दरवर्षी भरते, त्यामुळे पूर्वीसारखी दोन वर्षे वाट पाहावी लागत नाही. युरोसिस हीदेखील उत्तम परिषद आहे. परंतु तुझे काम ज्या टप्प्यावर आहे तो पाहता, आधी त्याचे छोटे रूप एपीसिसला पाठवावेस असे मला वाटते. आशिया-प्रशांत भागासाठीची ही कार्यशाळा 2010 साली प्रथम नवी दिल्लीतच भरली होती, आणि उमेदीच्या कामाला तिथे लक्षपूर्वक ऐकणारे लोक भेटतात. प्रवासखर्चाची चिंता आताच करू नकोस. निबंध स्वीकारला गेला तर एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्थांच्या प्रवासवृत्तीसाठी आपण मिळून अर्ज लिहू. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मात्र स्वीकृतीचे पत्र हाती पडल्याच्या दिवशीच वेळ घे. त्या रांगा लांब असतात.

परिषदेला जाण्याचा योग आला, तर प्रत्येक व्याख्यानाला बसण्याची धडपड करू नकोस. युसेनिक्सचे निबंध 2008 पासून सर्वांना विनामूल्य वाचता येतात, ते इथे परळच्या खोलीत बसूनही वाचता येतील. तिथे जाऊन मिळवायचे ते छापील पानावर येत नाही: कोणता प्रयोग फसला, कोणता आकडा लेखकाला स्वतःलाच अजून खटकतो. चहाच्या वेळेत आपले भिडस्तपण बाजूला ठेवून लेखकाला गाठ आणि विचार की हे तुम्ही पुन्हा बांधले तर काय वेगळे कराल. आपल्या मुलांना मोठ्या माणसांपुढे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. या क्षेत्रात तो आदर समजला जातो, कारण निबंध नीट वाचल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी तुमच्या प्रयोगशाळेत येतो. नवे आलेख तयार नसले तरी चालेल. मापांच्या कच्च्या नोंदी, त्या घेतल्याची वेळ आणि त्या वेळचे प्रोसेसरचे तापमान, एवढे तयार ठेव.

तुझा हितचिंतक