वाचकांचे प्रश्न : छोट्या वायनरी, एकत्र पाहुणचार

छोट्या वायनरींनी एकत्र येऊन पाहुणे कसे आणायचे, यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकसारखे प्रश्न जोडून एक केले आहेत.

प्रश्न : पंचवीस किलोमीटरच्या परिसरात आम्ही सात छोट्या वायनरी आहोत. सुट्टीच्या दिवशी थोडीफार वर्दळ असते, बाकी आठवडा शुकशुकाट. सगळ्यांचा मिळून एक नकाशा छापायचा विचार आहे. सुरुवात तिथूनच करावी का?

नकाशा सगळ्यांत शेवटी छापा. आधी वेळापत्रक ठरवा. नकाशा हातात घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्याच फाटकावर कुलूप दिसलं, तर तो उरलेल्या पाच ठिकाणी जातच नाही. छोट्या वायनरीत पाहुण्यांना वाइन ओतणारा आणि टाकी धुणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. त्यामुळे सातही जणांनी रोज उघडं ठेवायचं ठरवलं, तर ते महिनाभरही टिकत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पाळीपाळीने तिघांनी उघडं ठेवावं आणि शनिवार-रविवारी सगळ्यांनी. ज्यांचं बंद असेल त्यांच्या फाटकावर ‘आज इथे उघडं आहे’ अशी पाटी हवी, बाणासकट. तोडणीच्या हंगामाचं वेळापत्रक वेगळं काढा.

मग पाहुण्याच्या दिवसाचा हिशेब मांडा. साडेदहा ते पाच, म्हणजे हातात साडेसहा तास. नीट दाखवायचं तर एका वायनरीला सव्वा तास लागतो. तिघांचे पावणेचार तास, जेवणाचा एक, येण्याजाण्याचा एक, असे पावणेसहा झाले. उरलेला वेळ खरेदी आणि रेंगाळण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. चौथी वायनरी बसवायची तर प्रत्येक ठिकाणी तासाभरातच उरकावं लागेल. म्हणून सात ठिकाणांची एक लांबलचक वाट आखण्याऐवजी तीन आणि चार अशा दोन फेऱ्या करा. दुसरी फेरी हे मुक्कामाला चांगलं निमित्त होतं.

जर्मनीत फाल्ट्स भागातला वाइन मार्ग १९३५ साली सुरू झाला, तो सुमारे ८५ किलोमीटरचा आहे. फ्रान्समधला अल्सासचा मार्ग १९५३ सालचा, सुमारे १७० किलोमीटरचा. हे मार्ग कुणी एका दिवसात संपवत नाही, लोक त्यातला एखादा तुकडा निवडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉशचा मार्ग १९७१ साली सिमोनसिग, स्पियर आणि डेल्हाइम या तीन वायनरींच्या मालकांनी पुढाकार घेऊन उभा केला. तेव्हा सातांपैकी चौघं तयार नसतील तरी थांबू नका. वेळ पाळणारे तिघं सुरुवातीला पुरतात.

प्रश्न : पाहुण्यांची तक्रार असते, की तिन्ही ठिकाणी तेच ऐकवलं जातं: द्राक्षं येतात, चिरडतात, टाकीत जातात. यावर काय करता येईल?

एकत्र येण्याचं सगळ्यांत मोठं काम हेच आहे, आणि बहुतेक गट त्याला हातच घालत नाहीत. विषय वाटून घ्या. कुणी बाग दाखवावी, कुणी आंबवण, कुणी ओकची पिंपं, कुणी फेसाळ वाइन. दुसऱ्याच्या विषयावर प्रश्न आला, तर दोन वाक्यांत उत्तर देऊन ‘ते पुढच्या ठिकाणी डोळ्यांनी बघा’ म्हणावं. ज्याच्याकडे दाखवायला वेगळं काहीच नाही, त्याने मिश्रणाचं टेबल मांडावं: तीन वेगवेगळ्या वाइन, १०० मिलिलिटरची मोजनळी, कागद-पेन्सिल. पाहुणा ६०:३०:१० करतो, मग ५०:४०:१० करतो आणि दहा मिलिलिटरने चव किती हलते ते त्याचं त्यालाच कळतं. खर्च कमी, आणि लोक तिथून लवकर उठत नाहीत.

पारंपरिक पद्धतीची, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, फेसाळ वाइन करणाऱ्याने बाटलीतला गाळ काढून दाखवावा. बाटली उलटी ठेवून गाळ बुचाशी आणलेला असतो. मानेचा भाग उणे २५ अंशांच्या आसपास गार केलेल्या द्रावणात काही मिनिटं बुडवला, की गाळासकट बर्फाची गुठळी धरते. बाटली वर करून झाकण उडवलं, की आतल्या दाबाने गुठळी बाहेर फेकली जाते. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, आणि पाहुणे बाटलीच्या तोंडासमोर नव्हे तर मागच्या बाजूला उभे. वाइन पुरेशी गार नसेल तर फेस उसळून पाव बाटली जमिनीवर जाते. बघायला मजा येते, पण रोज परवडत नाही.

पिंपातून थेट चाखवणाऱ्याने एकच वाइन नव्या पिंपातली आणि दोन-तीनदा वापरलेल्या पिंपातली अशी शेजारी शेजारी द्यावी. नुसत्या वर्णनाने ओकचा परिणाम कळत नाही, असा कळतो. मात्र पिंपातला नमुना थोडा गढूळ असतो, जिभेला कधी चुरचुरतो. हे आधी सांगितलं नाही, तर पाहुणा ‘बिघडलेली वाइन दिली’ म्हणून निघून जातो. दुसरी गोष्ट मालकासाठी. वीस जणांना वीस-वीस मिलिलिटर म्हणजे ४०० मिलिलिटर गेले. तेवढी पोकळी पिंपात राहिली, की हवेवर जगणारे आम्लजनक जिवाणू वाढतात आणि वाइन शिरक्याकडे झुकते. म्हणून २२५ लिटरचं एकच पिंप पाहुण्यांसाठी राखून ठेवा, तीच वाइन भरायला वेगळी काढून ठेवा आणि त्याच संध्याकाळी पिंप काठोकाठ भरा.

प्रश्न : एकच तिकीट काढून चार ठिकाणी टेस्टिंग, अशी योजना आहे. पैशांची वाटणी कशी करावी? पहिल्याच बैठकीत वाद झाला.

वाद होणारच. समान वाटणी केली, तर रस्त्यालगतचा म्हणतो ‘गर्दी मी सांभाळतो’. ज्याने तिकीट विकलं त्याचे पैसे म्हटलं, तर वाटेवरचा पहिला सगळं घेऊन बसतो. टिकणारी पद्धत एकच: ज्याने कुपन फाडलं त्याला त्या कुपनाचे पैसे.

तिकिटाचे १०० भाग धरा. विकणाऱ्याला १०, सामाईक खात्यात १०, उरलेल्या ८० चे चार कुपनांना २०-२०. कुपनांवर क्रमांक हवेत. फाडलेली कुपनं महिनाअखेर जमा करायची आणि दहा दिवसांत हिशेब चुकता करायचा. बरेच पाहुणे चौथ्या ठिकाणी पोचतच नाहीत, तेव्हा मुदत संपलेली कुपनं सामाईक खात्यात जातील हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. भांडणं बहुतेक याच पैशांवरून होतात. एखाद्या पाहुण्याला महागडी बाटली चाखायची असेल, तर वरचा फरक त्या वायनरीने तिथेच घ्यावा, तिकिटात मिसळू नये. ‘बाटली घेतली तर टेस्टिंग फुकट’ ही सवलत सामाईक तिकिटाला लागू नाही, असं तिकिटावरच छापा. एकाने दिली की पुढच्या तिघांकडे पाहुणा ती हक्काने मागतो.

वार्षिक वर्गणी निम्मी सगळ्यांना सारखी आणि निम्मी आदल्या वर्षी केलेल्या लिटरच्या प्रमाणात ठेवावी. मत मात्र प्रत्येकाला एकच. लिटरच्या प्रमाणात मतं दिली, तर सगळ्यांत मोठी वायनरी गट चालवते आणि बाकीचे हळूहळू बैठकीला येईनासे होतात.

प्रश्न : सगळ्यांनी बाटलीची किमान किंमतही एकच ठरवली तर?

नको. स्पर्धकांनी मिळून किंमत ठरवणं अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यात गुन्हा किंवा दंडपात्र आहे, गट लहान असला तरी. सामाईक तिकिटाची किंमत सामाईक असणारच, पण ती ठरवण्याआधीही वकिलाला विचारा. आपल्या बाटलीची आणि आपल्या टेबलावरच्या टेस्टिंगची किंमत ज्याची त्याने ठरवावी, आणि हा विषय बैठकीच्या इतिवृत्तात येऊच देऊ नये.

प्रश्न : एका ठिकाणी किती ओतावं? आणि तिसऱ्या वायनरीतून गाडी घेऊन निघालेल्या माणसाचं काय?

एका नमुन्याला ३० मिलिलिटर, एका ठिकाणी जास्तीत जास्त पाच नमुने. १३ टक्क्यांच्या वाइनच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे ३ ग्रॅम अल्कोहोल असतं. पाच नमुन्यांचे १५, तीन वायनरींचे ४६ ग्रॅमच्या आसपास. अंदाजाने ओतताना हात सुटतो आणि ३० चे ५० होतात. रुंद ग्लासात ३० मिलिलिटर कंजूषपणा वाटतो, म्हणून हे घडतं. मग तोच हिशेब ७७ ग्रॅमवर जातो. प्रौढ माणसाचं शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं. म्हणजे दिवस संपताना तो माणूस चाकामागे बसायच्या लायकीचा राहत नाही. मापाचं तोंड बाटलीला लावा किंवा ग्लासवर रेघ हवी. चाखलेली वाइन थुंकण्याचं भांडं प्रत्येक दोघांमागे एक, हाताशी. कोपऱ्यात एकच ठेवलं तर लाजेखातर कुणी वापरत नाही.

कायद्याची मर्यादा देशागणिक वेगळी असते, पण मर्यादेच्या आत बसवण्याचा खेळ वायनरीने खेळूच नये. चालकाचं तिकीट वेगळं आणि स्वस्त ठेवा: सगळीकडे द्राक्षरस, आणि टेस्टिंगच्या जागी बाटलीवर सवलत. त्याहून बरी सामाईक मिनीबस. चार थांब्यांची फेरी ८० मिनिटांची असेल, तर दोन गाड्या सोडल्या की दर ४० मिनिटांनी एक मिळते. एकच गाडी असेल तर चुकलेल्या पाहुण्याला ८० मिनिटं थांबावं लागतं, आणि त्या वेळात तो आणखी पितो.

खर्चाच्या अंदाजासाठी: ७५० मिलिलिटरच्या बाटलीत कागदावर २५ नमुने बसतात, पण गाळ, सांडणं आणि आधी स्वतः चाखणं धरून २३ माना. साठ पाहुणे आले तर प्रत्येक वाइनच्या तीन बाटल्या लागतील.

प्रश्न : गटातल्या एकाची वाइन कमअस्सल आहे. त्याला काढावं का?

माणसाला काढू नका, ती वाइन तिकिटातून काढा. तिकिटात येणारी प्रत्येक वाइन आधी तीन सदस्यांनी लेबल झाकून चाखावी. त्यात बनवणारा नसावा. दोघांनी नाकारली तर दुसरी द्यायला दोन आठवडे द्या आणि गोष्ट गटाबाहेर नेऊ नका. शिरक्याचा वास येत असेल तर प्रयोगशाळेत बाष्पशील आम्ल मोजून घ्या. युरोपीय संघात लाल वाइनसाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला १.२ ग्रॅम आहे, पण नाकाला खटकणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

पुष्कळदा मात्र दोष वाइनचा नसतो, उघडून ठेवलेल्या बाटलीचा असतो. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख-वेळ चिकटवा. पांढरी फ्रिजमध्ये दोन दिवस, लाल तीन, पुढे ती स्वयंपाकघरात. बाटली उघडल्यावर पाहुण्याच्या आधी घोटभर स्वतः चाखा. बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतक्या अंशानेही जाणवतो. काही माणसांना तो येतच नाही. तुमच्या माणसांपैकी कुणाला येत नाही, ते आधी तपासून ठेवा.

प्रश्न : पाहुण्यांना बागेत आणि आंबवणीच्या खोलीत नेण्यात काही धोका आहे का?

दोन्हीकडे आहे. बागेतला धोका बुटांच्या तळव्यांचा. फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपच्या बागा खाऊन गेली. ती आणि मुळांवरचे सूत्रकृमी चिखलासोबत एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. तुमची फेरी तेच बूट एका दिवसात चार बागांतून फिरवते. कलम न करता स्वतःच्या मुळांवर वाढवलेल्या वेली असतील, तर पाहुण्यांना ओळींत सोडूच नका, खडी टाकलेल्या कडेच्या वाटेवरून बाग दाखवा. इतरांनी ब्रशने चिखल पूर्ण काढावा आणि मग तळवे २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ६० सेकंद बुडवावेत. हा क्रम उलटला तर उपयोग नाही, कारण क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. उन्हातही ते उडून जातं, म्हणून द्रावण रोज नवं करा. फवारणीनंतर औषधाच्या लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत बागेत प्रवेश नको. फवारणीच्या तारखा सगळ्यांच्या सामाईक फळ्यावर हव्यात, नाहीतर मिनीबस नेमकी त्याच दिवशी येते.

आंबवणीचा धोका जास्त गंभीर आहे, कारण तो दिसत नाही. लिटरला २०० ग्रॅम साखर असलेला एक लिटर रस आंबताना सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच हजार लिटरच्या एका टाकीतून २५० घनमीटर वायू निघतो. दहा मीटर लांब, आठ रुंद आणि तीन उंच तळघर भरायला तेवढा पुरे. अर्थात तो काही दिवसांत हळूहळू निघतो, पण हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यांत आणि पायऱ्यांच्या तळाशी साचतो. लहान मुलं आणि वाकून बघणारे आधी सापडतात. मेणबत्तीवर भरवसा ठेवू नका, हवा धोकादायक झाल्यावरही ती बराच वेळ जळत राहते. वायुमापक गुडघ्याच्या उंचीवर लावा. ०.५ टक्के दाखवलं की पाहुण्यांना आत नेणं बंद आणि पंखे चालू. ४ टक्क्यांना जिवाचा धोका असतो. हवा बाहेर काढणारा पंखा छताशी लावून उपयोग नाही, तो खाली हवा.

प्रश्न : पाहुणे पहिल्या ठिकाणी बाटल्या घ्यायला कचरतात. ‘दिवसभर गाडीत कुठे ठेवू?’ म्हणतात.

त्यांचं बरोबर आहे. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान सहज ५० अंशांवर जातं. वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेने पाझरते आणि चव शिजल्यासारखी होते. बाटली वायनरीतच ठेवा, पाहुण्याला क्रमांकाची पावती द्या आणि शेवटच्या फेरीच्या मिनीबसने सगळ्यांच्या बाटल्या एका ठरलेल्या ठिकाणी आणा. पावतीचा रंग वायनरीगणिक वेगळा असला, तर संध्याकाळी खोकी लावताना गोंधळ होत नाही. पावतीवर फोन क्रमांक घ्यायला विसरू नका, कारण रोज कुणी ना कुणी बाटल्या न घेताच निघून जातो.