चाकण की शिरोली?

प्रिय मुली,

पुण्याजवळ चाकणच्या जर्मन कंपनीत एचआर (मनुष्यबळ विभागात) ट्रेनी व्हावं, की कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका कुटुंबाच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, पर्सोनेल ऑफिसर, असं तू विचारलं आहेस. पगारातला फरक तुला दिसतोच आहे, त्यावर मी काय लिहू? तू हे बघ, की माणसांबद्दलचे निर्णय त्या कंपनीत कुठे होतात आणि तिथपर्यंत तुझा शब्द पोचेल का.

बहुराष्ट्रीय कंपनीत धोरण मुख्यालयातून येतं. अ‍ॅप्रेझलचे (कामाच्या मूल्यमापनाचे) निकष, ग्रेड, तक्रार कुणाकडे करायची, सगळं लेखी असतं. ही शिस्त मोलाची आहे, शिकून घे. अडचण येते ती हे धोरण इथल्या माणसांना आणि इथल्या कायद्याला भिडतं तेव्हा. सॅमसंगचं प्रकरण नीट अभ्यास. युनियन नको ही त्या कंपनीची कोरियातली जुनी भूमिका. ती सोडत असल्याचं प्रमुखांनी 2020 मध्ये जाहीरही केलं होतं. तरी तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरच्या कारखान्यात सप्टेंबर 2024 मध्ये हजाराहून जास्त कामगार संपावर गेले आणि पगारवाढीइतकीच ठाम मागणी होती युनियनला मान्यता देण्याची. संप 37 दिवस चालला. युनियनची नोंदणी झाली ती थेट जानेवारी 2025 मध्ये. आपल्याकडे ट्रेड युनियनचा कायदा 1926 मध्येच झाला; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. कायदा पाठ असणं सोपं. सात समुद्रांपलीकडच्या साहेबाला तो वेळेत पटवणं अवघड, आणि अशा कंपनीत एचआरचं खरं काम तेच.

देशी कंपनी म्हणजे मागासलेली, हे मनातून काढून टाक. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्ये आला, प्रॉव्हिडंट फंड 1920 मध्ये. फंडाचा कायदा देशात झाला 1952 मध्ये! पण सगळीकडे टाटा नसतात. कुटुंबाच्या कारखान्यात मालकाच्या केबिनचं दार उघडं असतं. मुलीच्या लग्नाला उचल हवी, सकाळी मागितली, संध्याकाळी हातात. मात्र ती कुणाला मिळाली, कुणाला नाही आणि का, याची नोंद कुठेच नसते. मालक आहेत तोवर चालतं. मुलगा किंवा पुतण्या गादीवर आला की जुन्या कामगाराला दिलेला शब्द हवेत विरतो. तो शब्द कागदावर आणणं हे तिथलं तुझं काम.

एक दुखणं मात्र दोन्हीकडे सारखं आहे, आणि त्याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर दोघं उभे असतात. एक पर्मनंट, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, पगार निम्म्याहून कमी, कधी कँटीनही वेगळं. कंत्राटी कामगारांसाठी कायदा 1970 मध्येच झाला, तरी हे चालतं. मानेसरला मारुती सुझुकीच्या कारखान्यात जुलै 2012 मध्ये हिंसाचार झाला, त्यात एचआरच्या महाव्यवस्थापकांचा जीव गेला. त्या हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्याआधीच्या वर्षभराच्या धुसफुशीत या पगाराच्या दरीचा वाटा मोठा होता, हे एचआरच्या माणसाने विसरू नये. ठेकेदाराच्या पोरांची हजेरी, पीएफ, सुरक्षा बूट, सगळं तू स्वतः तपास. ‘ते आपल्या मस्टरवर नाहीत’ हे उत्तर मान्य करू नकोस.

माझं मत विचारशील तर आधी शिरोली. तिथे भट्टीपाशी उभं राहून बोलावं लागतं, युनियनचं मागणीपत्र येतं तेव्हा वाटाघाटीला बसावं लागतं. चाकणला पहिली दोन-तीन वर्षं स्क्रीनवरच्या तक्रारींना उत्तरं देण्यात जाण्याची भीती मला वाटते. ट्रेनीला रोज शॉप फ्लोअरवर पाठवतील, असं त्यांनी लेखी दिलं तर मी मत बदलेन.

होकार कळवण्याआधी दोन्हीकडे मागचा वेतन करार वाचायला माग. जे नाही म्हणतील, ते कारण काय देतात ते मला कळव.

तुझा,
काका